थंडावलेल्या भट्ट्यांची साक्ष
जर्मनीतील फ्योल्कलिंगनच्या पोलाद कारखान्याने यंत्रांबरोबरच कामगारांच्या हालअपेष्टांचाही इतिहास जपला आहे

जर्मनीच्या नैऋत्य भागात, फ्रान्सच्या सीमेजवळ सार नदीच्या काठी फ्योल्कलिंगन हे शहर वसले आहे. या शहराची ओळख सांगणारी वास्तू म्हणजे एखादा राजवाडा किंवा प्रार्थनामंदिर नव्हे. ती ओळख आहे गंजून तपकिरी पडलेल्या सहा झोतभट्ट्यांची. ओळीने उभ्या असलेल्या या भट्ट्या, त्यांना वेढणाऱ्या जाडजूड नळ्या आणि उंच धुराडी दुरूनच नजरेत भरतात. १९८६ मध्ये या भट्ट्या कायमच्या विझल्या. आठच वर्षांनी, १९९४ मध्ये, ‘युनेस्को’ने या कारखान्याचा जागतिक वारसा यादीत समावेश केला. ज्या आवारात पूर्वी भोंग्याच्या तालावर पाळ्या बदलत, तेथे आता पर्यटक येतात.

कारखान्याचा आरंभ १८७३ मध्ये युलिउस बूख या अभियंत्याने केला. मात्र त्याचा उद्योग अल्पावधीतच बंद पडला. १८८१ मध्ये कार्ल रोख्लिंग यांनी तो विकत घेतला आणि १८८३ मध्ये येथील पहिली झोतभट्टी पेटली. सार खोऱ्यातील कोळसा हाताशी होता, लोहखनिज शेजारच्या लोरेन प्रांतातून येत होते आणि मालाची ने-आण करण्यास रेल्वे होती. या तिन्हींच्या बळावर हा कारखाना जर्मनीतील आघाडीच्या पोलाद कारखान्यांत गणला जाऊ लागला. १९६०च्या दशकाच्या मध्यास येथे सुमारे १७ हजार कामगार होते.

खनिजापासून लोखंडापर्यंत

संग्रहालय पाहण्याचा मार्ग लोखंड तयार होण्याच्या प्रक्रियेशी जुळणारा असल्याने या विषयाची माहिती नसलेल्यालाही ती सहज उमगते. झोतभट्टीत लोहखनिज, कोक आणि चुनखडी यांचे थर वरून टाकले जातात आणि खालून तापवलेल्या हवेचा जोरदार झोत सोडला जातो. कोक जळून निर्माण होणारा कार्बन मोनॉक्साइड वायू खनिजातील प्राणवायू ओढून घेतो आणि वितळलेले लोखंड तळाशी साचते. चुनखडीमुळे खनिजातील अशुद्ध भागाची मळी बनते. ती लोखंडावर तरंगते व वेगळी काढता येते.

हे सारे साहित्य भट्टीच्या मुखापर्यंत पोहोचवण्यासाठी येथे टांगत्या रुळांवरून धावणाऱ्या डब्यांची यंत्रणा उभारण्यात आली होती. खालच्या कोठारात भरलेले डबे तिरक्या चढावरून वर येत. ते भट्टीच्या मुखाशी नेऊन रिकामे करण्याचे काम कामगार करीत. ऊन असो वा पाऊस, भट्टीची धग आणि धूळ सोसत हे काम चाले. भट्टीतून निसटणारा कार्बन मोनॉक्साइड हा त्याहून मोठा शत्रू होता. त्याला रंग नाही, वास नाही आणि तो प्राणघातक आहे. शिरस्त्राण घालून आज त्या मचाणावर चढणाऱ्या पर्यटकाला उंचीची भीती वाटते. कामगाराला मात्र तेथे संपूर्ण पाळी काढावी लागे.

हाच वायू वाया न घालवता वापरण्याचे तंत्रही येथे विकसित झाले. भट्टीतून निघणारा धुळकट वायू कापडी पिशव्यांतून गाळून स्वच्छ केला जाई आणि त्यावर झोताची हवा पुरवणारी अवाढव्य इंजिने चालत. ही इंजिने व त्यांची प्रचंड चाके यंत्रशाळेत जागच्या जागी उभी आहेत. आता त्याच दालनात प्रदर्शने व संगीताचे कार्यक्रम होतात.

युरोपातील असंख्य कारखाने पाडले गेले असताना हाच कसा टिकला? १९३०च्या दशकाच्या मध्यानंतर येथील लोखंडनिर्मितीच्या यंत्रणेत फारशी नवी भर पडली नाही. आधुनिकीकरणात जे इतरत्र नष्ट झाले, ते येथे तसेच राहिले. एकोणिसाव्या व विसाव्या शतकातील लोखंडनिर्मितीची संपूर्ण साखळी पश्चिम युरोप आणि उत्तर अमेरिकेत केवळ येथेच शाबूत असल्याचे ‘युनेस्को’ने नमूद केले आहे. अर्थात, लोखंड जपणे सोपे नाही. उघड्यावर उभ्या असलेल्या या सांगाड्याचा पाऊस व गंज यांच्याशी सामना अखंड सुरू असतो.

नावे कुजबुजणाऱ्या भिंती

तथापि, या स्थळाचे मोल केवळ यंत्रांमुळे नाही. पहिल्या महायुद्धात जर्मन सैनिकांच्या शिरस्त्राणांसाठी लागणारे पोलाद या कारखान्याने पुरवले. दुसऱ्या महायुद्धात तर १२ हजारांहून अधिक परकीय स्त्री-पुरुषांना येथे सक्तीने राबवण्यात आले. त्यांतील अनेकांचा येथेच अंत झाला. कारखान्याचे तत्कालीन प्रमुख हेर्मान रोख्लिंग यांना युद्धानंतर फ्रेंच लष्करी न्यायालयाने युद्धगुन्हेगार ठरवून शिक्षा सुनावली.

शहराच्या भरभराटीशी निगडित असलेल्या या घराण्याविषयी असे काही उघडपणे सांगणे स्थानिकांना सोपे नव्हते. येथील एका वस्तीला हेर्मान रोख्लिंग यांचे नाव होते. त्यातील ‘हेर्मान’ हा शब्द २०१३ मध्ये, दीर्घ वादानंतर वगळण्यात आला. २०१८ मध्ये फ्रेंच कलावंत क्रिस्तियाँ बोल्तान्स्की यांनी कारखान्यातच वेठीच्या कामगारांचे स्मारक साकारले. दाटीने रचलेल्या, गंजलेल्या पेट्यांमधील अरुंद वाट, काळ्या कपड्यांचा ढीग आणि कानावर पडणारी कामगारांची नावे एवढेच तेथे आहे. भट्ट्यांच्या भव्यतेने भारावून आलेला पर्यटक येथे अबोल होतो.

जुन्या कोकभट्ट्यांचा परिसर हा कारखान्यातील सर्वांत जाचक भागांपैकी एक होता. आज तेथे झाडे-वेली माजल्या आहेत आणि त्या जागेला ‘नंदनवन’ असे नाव देण्यात आले आहे. हिरवाईने तेथील धूर पुसला, पण इतिहास पुसला जाऊ नये, याची काळजी संग्रहालयाने घेतली आहे. औद्योगिक वारसा म्हणजे केवळ धुराडी आणि यंत्रे नव्हेत; ती चालवणाऱ्या आणि त्यांच्यापायी चिरडल्या गेलेल्या माणसांचीही नोंद त्यात हवी, हा फ्योल्कलिंगनच्या थंडावलेल्या भट्ट्यांचा सांगावा आहे.