लाकडी पहिलवान आणि गुणांची पाटी

जोडीदार नसेल तर पहिलवानाने पकडीचा सराव कुणाशी करायचा? महाराष्ट्राने यावर काढलेला तोडगा अजब आहे: जमिनीत पुरलेला, एरंडेल चोपडलेला एक लाकडी प्रतिस्पर्धी. शिसवाचा किंवा सागाचा हा मल्लखांब जमिनीवर साधारण साडेआठ फूट असतो आणि वर निमुळता होत जातो. टोकाला बोंड, त्याखाली मान, मग अंग. हा गडी दमत नाही, चिडत नाही आणि पकड चुकली की क्षणात खाली पाडतो.

बाराव्या शतकातल्या सोमेश्वराच्या ‘मानसोल्लासा’त मल्लांच्या व्यायामासाठी अशा स्तंभाचा उल्लेख येतो. आजच्या मल्लखांबाचं श्रेय मात्र दुसऱ्या बाजीरावाच्या पदरी असलेल्या बाळंभटदादा देवधरांना दिलं जातं. ही विद्या त्यांना सप्तशृंगीच्या कृपेने मिळाली अशी आख्यायिका आहे. माकडांच्या उड्या पाहून सुचली असंही सांगतात. खांबावरची पोरं पाहिली की माकडांची बाजू भक्कम वाटते.

तेल कशाला? कोरड्या लाकडावर उघडं अंग घासलं तर सालटी निघतील. तेलाने अंग सरकतं, पण मग नुसत्या हातांच्या जोरावर निभाव लागत नाही. धरायचं ते मांड्यांच्या कैचीत, बगलेत, गुडघ्यामागच्या लवणीत, पायाचा अंगठा आणि शेजारचं बोट यांच्या चिमट्यात. अढी, तेढी, बगली, दसरंग, फिरकी, सुईदोरा अशी या उड्यांची आणि पकडींची घराणीच आहेत.

दोरीचा मल्लखांब त्याहून चकित करतो. दोरीला गाठ मारायची नाही, तरी मुलगी वीतभर वेढ्यावर आडवी पडून हात मोकळे सोडते. विहिरीत जड वस्तू सोडताना शेतकरी दोराला खुंट्याभोवती एक वेढा देतो आणि तेवढ्याने एकट्याच्या हाताला वजन पेलतं, त्यातलंच हे गणित. वेढे वाढतात तसं घर्षण बेरजेने वाढत नाही, गुणाकाराने वाढतं. मध्यम घर्षण धरलं तर एका पूर्ण वेढ्याने धरायची ताकद सहा-सात पट होते. दोन वेढ्यांनी चाळीस पटीच्या वर!

म्हणजे कुस्तीसाठी जन्मलेला हा सराव कुस्तीला सोडून स्वतःच्याच वाटेने गेला. आज जगभरातली पोरं असंच काहीतरी करताहेत. तायक्वांदोची लाथ, कापोएराची गिरकी आणि जिम्नॅस्टिक्सची कोलांटी एकत्र करून ती ‘ट्रिकिंग’ नावाचा छंद जोपासतात. समोर प्रतिस्पर्धी नाही, मारामारी नाही. या छंदाला गुण, पंच आणि पैसा जोडावा का, हा वाद त्यांच्यात आहे. मल्लखांब त्या वाटेवर बराच पुढे गेला आहे, म्हणून त्याच्याकडे पाहावं.

१९३६ मध्ये अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या चमूने बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी देशी खेळ दाखवले, तेव्हा ते प्रदर्शन होतं. १९८१ मध्ये राष्ट्रीय महासंघ झाला आणि स्पर्धेची घडी बसली. २०१९ च्या फेब्रुवारीत मुंबईच्या शिवाजी पार्कवर पहिली जागतिक स्पर्धा भरली. २०२० मध्ये केंद्र सरकारने नोकरभरतीच्या क्रीडा कोट्यातले खेळ ४३ वरून ६३ केले, त्यात मल्लखांब आला. २०२२ च्या गुजरातमधल्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांत पदकं मिळाली. मल्लखांबपटू हिमानी परबला अर्जुन पुरस्कार मिळाला. पहिलवानांच्या आखाड्यातून निघालेल्या विद्येत हा मान एका मुलीला मिळावा, ही स्पर्धेचीच कमाई. नियम आले, वयोगट आले, मुलींचे गट आले.

किंमतही मोजावी लागते. घड्याळ लागलं की संथपणे केलेलं आसन महाग पडतं आणि ज्याला गुण जास्त तेच सगळे घोटतात. चीनमध्ये वुशू या युद्धकलेचे ठरीव क्रम बसवले गेले. ते देखणे झाले, पण लढाईपासून लांब गेले. ऑलिंपिकचं दार उघडलं तरी ते उघडं राहीलच असंही नाही: ब्रेकिंग हे नृत्य २०२४ ला पॅरिस ऑलिंपिकमध्ये आलं आणि २०२८ च्या यादीत राहिलं नाही. उलट बाजूचं उदाहरण मात्र घरचंच, कुस्तीचं. तांबड्या मातीत घडलेल्या खाशाबा जाधवांनी १९५२ ला हेलसिंकीत मॅटवर कांस्य जिंकलं. आपल्या जालन्यात डिसेंबर २०१८ मध्ये महाराष्ट्र केसरी झाली, तेव्हा माती विभागातून आलेल्या बाला रफिक शेखने गदा उचलली. मॅट आली म्हणून माती मेली नाही. दोन्ही ठेवल्या, हे शहाणपण.

आता पैशाचं. कबड्डीची व्यावसायिक लीग २०१४ पासून चालते, कारण कोण बाद झालं हे घरबसल्या आजीलाही कळतं. मल्लखांबात ९.१ आणि ९.३ मधला फरक पंचालाच दिसतो. प्रेक्षक श्वास रोखतो, पण कुणाच्या बाजूने ओरडायचं हे त्याला उमगत नाही. म्हणूनच या कलेला मोठा पैसा आणि टाळ्या मिळाल्या त्या रंगमंचावर: छत्तीसगडच्या नारायणपूरची अबुझमाड मल्लखांब अकादमी २०२३ मध्ये ‘इंडियाज गॉट टॅलेंट’ जिंकली. तिथे आगीचे खेळ लागतात, दिव्यांचा झगमगाट लागतो. लीग काढली तर तिलाही तेच लागेल आणि उंची वाढवता वाढवता एखाद्या पोराची मान मोडेल.

तेव्हा माझं मत सरळ आहे. स्पर्धा हवी, पदक हवं, त्यावर नोकरीही हवी. खेळाडूंचा लिलाव नको. व्यवसाय व्हायचाच असेल तर तो शिकवणाऱ्याचा व्हावा. दादरच्या समर्थ व्यायाम मंदिराचे उदय देशपांडे यांना २०२४ मध्ये पद्मश्री मिळाली, ती आयुष्यभर शिकवण्यासाठी. पण जिल्ह्याच्या गावात असा वस्ताद बहुधा संध्याकाळी फुकट शिकवतो आणि दिवसा दुसरीकडे राबतो.

अंकुशनगरसारख्या साखर कारखान्याच्या वसाहतीत मैदान असतं, पोरं असतात, सभासदांची सभाही भरते. पुढच्या सभेत एवढं मागा: एक खांब, एक दोरी, खाली जाड गादी आणि शिकवणाऱ्याला महिन्याचा पगार.