अक्षर सुधारले, धोका टळला का?

सुवाच्य प्रिस्क्रिप्शन हा रुग्णाचा मूलभूत हक्क आहे, असे पंजाब आणि हरियाणा उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये म्हटले आणि दोन वर्षांत संगणकीय प्रिस्क्रिप्शन आणायला सांगितले. निकालाचे स्वागत झाले ते रास्तच. पण अक्षराचा प्रश्न मिटला की धोकाही मिटला, ही त्यासोबत रुजणारी समजूत घातक आहे. संगणकावरून दिलेली औषधांची ऑर्डर सुरक्षित आहे का, हे ज्या त्या रुग्णालयात, प्रणाली बसवल्यानंतर आणि वरचेवर तपासावे लागते. अमेरिकेला हे फार मोठी किंमत मोजून कळले.

तिथली सुरुवात आशादायक होती. बोस्टनच्या ब्रिगहॅम अँड विमेन्स रुग्णालयात डेव्हिड बेट्स यांच्या गटाने १९९८ मध्ये दाखवले की, संगणकीय ऑर्डरमुळे वेळीच न पकडल्या जाणाऱ्या गंभीर औषधचुका ५५ टक्क्यांनी घटल्या. कागदच बरा होता, असे म्हणणाऱ्यांना हे उत्तर पुरेसे आहे. मग २००५ मध्ये पिट्सबर्गच्या बालरुग्णालयाचा अभ्यास आला. बाहेरून तातडीने हलवून आणलेल्या मुलांमधला मृत्युदर नवी प्रणाली आल्यावर २.८० टक्क्यांवरून ६.५७ टक्क्यांवर गेला होता. पूर्वी मूल वाटेत असतानाच औषधे सांगून तयार ठेवता येत; आता मूल दाखल होऊन नोंद होईपर्यंत ऑर्डरच टाकता येत नव्हती. शिवाय प्रणाली सगळीकडे अवघ्या सहा दिवसांत लागू केली गेली. आधीच्या आणि नंतरच्या काळाच्या अशा तुलनेत इतर कारणेही मिसळतात, हा आक्षेप खरा आहे. पण सिएटलच्या बालरुग्णालयाने त्याच कंपनीची प्रणाली बसवली आणि तिथल्या अतिदक्षता विभागात मृत्युदर वाढला नाही. म्हणजे केवळ सॉफ्टवेअरचे नाव पाहून निर्वाळा देता येत नाही. ते कोणत्या वॉर्डात, कशा तयारीने आणि कामाच्या कोणत्या क्रमात बसवले, यावर जीव अवलंबून असतो.

मग मोजायचे कसे? अमेरिकेतल्या लीपफ्रॉग संस्थेची चाचणी मला यातली सर्वांत प्रामाणिक वाटते. रुग्णालयाला काल्पनिक रुग्ण दिले जातात आणि त्यांच्यासाठी मुद्दाम घातक ऑर्डरी टाकायला सांगतात: ॲलर्जी असलेले औषध, मूत्रपिंडाला न झेपणारा डोस, एकमेकांशी न जमणारी औषधे. प्रणाली अडवते किंवा इशारा देते का, हे पाहायचे. २००९ ते २०१८ या काळातल्या २,३१४ रुग्णालयांच्या निकालांत सरासरी गुण ५३.९ वरून ६५.६ टक्क्यांवर गेले. दशक उलटूनही साधारण तीनातली एक घातक ऑर्डर निसटत होती. यावर इशारे वाढवा, असे कोणी म्हणेल. पण २०१३ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या विद्यापीठ रुग्णालयात एका किशोरवयीन रुग्णाला एका गोळीऐवजी साडेअडतीस गोळ्या गेल्या, त्या इशारे असूनही. मिलिग्रॅमच्या जागी वजनानुसार डोसचे एकक निवडले गेले, आणि पडद्यावरचे इशारे रोजच्या असंख्य निरर्थक इशाऱ्यांसारखेच बंद केले गेले. रुग्ण वाचला. म्हणून चाचणीत विनाकारण दिलेल्या इशाऱ्यांचेही गुण कापले पाहिजेत.

आपल्याकडे अडचण आणखी वेगळी आहे. इथे औषधे ब्रँडच्या नावाने लिहिली जातात आणि अनेक गोळ्यांत दोन-तीन घटक एकत्र असतात. सर्दीची एक गोळी आणि तापाची दुसरी, दोन्हींत पॅरासिटामॉल; संगणकाला घटक ठाऊक नसतील तर तो दुप्पट डोस अगदी सुवाच्य छापून देईल. लहान रुग्णालयांना तपासणीचा खर्च परवडणार नाही, हा आक्षेप टिकत नाही. काल्पनिक रुग्णांच्या चाचणीला यंत्रसामग्री लागत नाही. एक डॉक्टर, एक फार्मासिस्ट आणि काही तासांचा वेळ लागतो. प्रश्नसंच मात्र सरकारने भारतीय ब्रँडवर बेतून तयार करावा आणि मोफत द्यावा. महाराष्ट्राने न्यायालयाच्या आदेशाची वाट न पाहता आपल्या वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांपासून ही चाचणी सुरू करावी, दरवर्षी घ्यावी आणि प्रत्येक रुग्णालयाचे गुण जाहीर करावेत.