फळ्यावरचे ‘हे’ आणि ‘ते’

उकवा हे बालाघाट जिल्ह्यातील मँगनीजच्या खाणीचे गाव. घरात मराठी, बाजारात आणि शाळेत हिंदी, भोवतालच्या वस्त्यांत गोंडी, अशा बोलींत येथील कित्येक मुले वाढतात. अशाच एका मराठी घरातील जन्मांध मुलगी काही वर्षांपूर्वी आमच्या नववीच्या वर्गात दाखल झाली. आठवीपर्यंत ती दूरच्या निवासी अंधशाळेत होती. वडील आम्हांस म्हणाले, “गुरुजी, तिला नुसते बसू द्या. पास-नापासाचे आम्ही काही म्हणणार नाही.” ते ऐकून आम्हांस हायसे वाटले, हे आज कबूल करताना लाज वाटते.

पहिल्याच आठवड्यात आम्ही बीजगणिताचे समीकरण फळ्यावर सोडवीत होतो. “यातून हे गेले, ते इकडे आणले, म्हणजे हे उरले.” मुलीने उभे राहून विचारले, “सर, हे म्हणजे काय?” वर्ग हसला. परंतु मागच्या बाकावरील मुलांस तोच प्रश्न विचारला, तेव्हा त्यांनाही उत्तर देता येईना. डोळे असूनही ती पोरे वर्षानुवर्षे आमच्या ‘हे’ आणि ‘ते’मध्ये चाचपडत होती! मराठीचे एम. ए. म्हणवून घेणाऱ्या आम्ही सर्वनामांचा एवढा दुरुपयोग करावा, याहून मोठी नामुष्की ती कोणती?

त्या दिवसापासून प्रत्येक पायरी शब्दांत उच्चारल्याखेरीज फळ्यावर लिहावयाची नाही, असा आम्ही नेम केला. वर्गाकडे पाठ करून बोलणेही सोडले, कारण कमी ऐकू येणारा एक मुलगा ओठांवरून शब्द ओळखीत असे. या दोन्हींस एक पैसाही खर्च आला नाही.

साधनांचे म्हणावे, तर एका कार्यालयाकडून पेटी आली. तीत ब्रेलची पाटी होती, टोचणी नव्हती! गावच्या सुताराने लाकडी मुठीत खिळा बसवून ती उणीव भरून काढली. पाटीवर जाड कागद अडकवून उजवीकडून डावीकडे टोचावयाचे, आणि कागद उलटून उठलेले ठिपके डावीकडून उजवीकडे वाचावयाचे, अशी ही लेखनपद्धती.

येथे आमच्या प्रांतोप्रांतीच्या वाचकांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. १९५१ पासून आपल्या देशात ‘भारती ब्रेल’ रूढ आहे. तीत ‘क’ हा ध्वनी हिंदीत, मराठीत, कन्नडात वा बंगालीत एकाच ठिपक्यांनी लिहितात. म्हणून हिंदी वा कन्नड ब्रेल शिकलेल्या मराठी मुलास मायबोलीची अक्षरे नव्याने घोकावी लागत नाहीत. आमच्या विद्यार्थिनीचे हिंदीत कधी न अडलेले, पण मराठीसाठी हवे असलेले अक्षर म्हणजे ‘ळ’. सहा ठिपक्यांच्या चौकटीत डावीकडचे तिन्ही उठले की ‘ल’, उजवीकडचे तिन्ही उठले की ‘ळ’. ते शिकल्यावर तिने प्रथम ‘बाळ’ लिहिले, मग ‘केळे’, आणि आजीच्या बोलण्यातले ‘ळ’ शोधून शोधून कागद भरून टाकला. मुंबईहून स्वागत थोरात यांनी २००८ साली ‘स्पर्शज्ञान’ हे मराठी ब्रेल नियतकालिक सुरू केले, तेही अशाच बोटांसाठी.

आता संगणकही बोलतो. मायकेल करन आणि जेम्स टेह या दोघा ऑस्ट्रेलियन अंध तरुणांनी २००६ साली आरंभिलेली ‘एनव्हीडीए’ ही आज्ञावली पडद्यावरील मजकूर वाचून दाखविते, आणि तीही विनामूल्य. २०१६ साली ‘सुगम्य पुस्तकालय’ हे ऑनलाइन ग्रंथालयही उघडले. मात्र पुस्तकातील नकाशापाशी यंत्राची वाचा बसते. तेथे आम्ही सुतळीने वैनगंगा चिकटविली, सातपुड्यासाठी वाळू पसरली, गावांच्या जागी मसूर लावली. मग डोळसांनीच डोळे मिटून तो नकाशा वाचण्याची चढाओढ लावली!

घनतेचा धडा मात्र आमच्या गावाने शिकविला. एका हातात साधा दगड, दुसऱ्यात तेवढाच मँगनीजचा खडा. साधा दगड पाण्याच्या सुमारे अडीच-पावणेतीन पट जड, तर चांगले खनिज चौपटीच्याही पुढे. पुस्तकातील व्याख्या पाठ करणाऱ्यांपेक्षा तळव्यांनी फरक तोललेल्या त्या मुलीस घनता आधी कळली.

दहावीच्या परीक्षेत लेखनिक मिळतो. केंद्र शासनाच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार तासाला किमान वीस मिनिटे, म्हणजे तीन तासांच्या पत्रिकेस एक तास, अधिक द्यावयाचा असतो. पण लेखनिक केवळ लिहिणार, सांगावयाचे तिने. ज्या मुलास शिक्षकाने गणित कधी शब्दांत ऐकविलेच नाही, त्याने ते दुसऱ्यास कसे सांगावे? म्हणून सहा महिने आधीपासून एका धाकट्या मुलाबरोबर तिचा सराव घेतला.

एकदा दारावरून जाताना तो विचारीत असलेला आम्ही ऐकला, “ताई, हे इथे लिहू का?”

ती म्हणाली, “हे म्हणजे काय, ते आधी सांग.”