बोन ते क्लुनी : द्राक्षबागांमधून सायकलवर

बरगंडीत सायकल चालवायची तर सुरुवात बोनपासूनच करावी. इथून सांतने गावापर्यंतची ‘व्हॉय दे व्हीन्य’ ही वाट जेमतेम २० किलोमीटरची, पण घाईने उरकू नये. पोमार, व्होलने, मरसो ही बाटलीवर वाचलेली नावं इथे गावांच्या पाट्यांवर भेटतात. नाशिककडचे मांडव पाहिलेल्यांना इथल्या वेली बुटक्या वाटतील. त्या जेमतेम कमरेएवढ्या असल्याने उंच ट्रॅक्टर चक्क ओळीवरूनच जातो, वेल त्याच्या चाकांमधून सुखरूप निघते. काही बागांना चुनखडीच्या दगडांचे गडगे आहेत. उतार, निचरा आणि माती यांनुसार शतकानुशतकं आखत आणलेले हे तुकडे, म्हणजे ‘क्लिमा’, २०१५मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आले.

निघण्याआधी बोनमधलं १४४३ साली स्थापन झालेलं धर्मार्थ रुग्णालय बघाच. त्याच्या रंगीत, नक्षीदार कौलांसाठी तासभर सहज काढावा.

सांतनेपुढे कालव्याकाठाने सोन नदीवरच्या शालों शहरात पोहोचता येतं. जवळच्या जिव्रीहून क्लुनीपर्यंतचा ४४ किलोमीटरचा मार्ग जुन्या रेल्वेच्या जागेवर १९९७मध्ये खुला झाला. मूळचा रेल्वेचा, म्हणून चढ अगदी सौम्य. मुलांना घेऊन जायला उत्तम. क्लुनीचा मठ इ. स. ९१०चा.

वाइन मुक्कामी पोहोचल्यावरच चाखावी. रक्तातल्या मद्याची लिटरमागे ०.५ ग्रॅमची मर्यादा सायकलस्वारांनाही लागू आहे. १२ वर्षांखालच्या मुलांना हेल्मेट सक्तीचं. तोडणीच्या काळात, बहुधा सप्टेंबरमध्ये, बागांमधल्या वाटांवर ट्रॅक्टरची वर्दळ असते.