एक पेटी, दोन जाळी

लांज्याचा पिनकोड ४१६७०१ आणि रत्नागिरी शहराचा ४१५६१२. जिल्हा एकच, पण पहिले तीन आकडे निराळे! १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झालेल्या या पद्धतीत पहिल्या तीन आकड्यांवरून टपालाचा छाननी-विभाग कळतो. संगणकही पत्त्याचा आरंभ पाहून असाच निर्णय घेतो. कसा, ते पाहू.

समजा, लांज्यातील एका शाळेत प्रयोगशाळेचे पंधरा आणि कार्यालयाचे पाच संगणक आहेत. सर्वांच्या तारा एकाच पेटीत येतात. तिला ‘स्विच’ म्हणतात. कार्यालयात गुणांच्या याद्या आहेत; त्या प्रयोगशाळेतून उघडता कामा नयेत. मग दुसरी पेटी आणावी काय? गरज नाही. स्विचला सांगून ठेवायचे, की अमुक तारा जाळे क्रमांक १० च्या, तमुक २० च्या. पेटी एकच, पण जाळी दोन! म्हणूनच यांना ‘आभासी’ जाळी म्हणतात. १९९८ च्या मानकात या क्रमांकासाठी १२ बिट ठेवले आहेत. २ चा बारावा घात ४०९६. त्यांतील दोन क्रमांक राखीव, म्हणून ४०९४ जाळी शक्य होतात.

पण छपाईचे यंत्र कार्यालयात आहे आणि ते मुलांनाही हवे आहे. आता? प्रयोगशाळेतील संगणकाचा पत्ता १९२.१६८.१०.५, यंत्राचा १९२.१६८.२०.९. पहिले तीन भाग जाळ्याचे, चौथा यंत्राचा, असे येथे ठरलेले आहे. तिसरा भाग जुळत नाही, हे पाहताच संगणक आपला संदेश ‘राउटर’कडे सोपवतो. राउटर दोन्ही जाळ्यांत हजर असतो. तो बाहेरचे पाकीट काढतो, आतला पत्ता वाचतो आणि नव्या पाकिटातून संदेश २० क्रमांकाच्या जाळ्यात सोडतो. टपालाची थैली बदलली, तरी पत्रावरचा पत्ता तोच राहतो, तसेच हे.

मात्र येथेच सावध राहायला हवे. राउटर आला म्हणजे भिंतीला दार पडले! मनाई केली नाही, तर तो छपाईचा संदेश नेईल, तशीच गुणांच्या यादीची मागणीही नेईल. म्हणून त्याला नियम लिहून द्यावे लागतात. बहुतेक राउटर ते वरून खाली वाचतात आणि जो पहिला लागू पडेल तोच पाळतात.

आता सांगा पाहू: ‘सर्व जाऊ द्या’ हा नियम सर्वांत वर लिहिला आणि ‘गुणांची यादी अडवा’ हा त्याखाली, तर काय होईल? वर्गात चर्चा करा आणि नियमांचा योग्य क्रम वहीत लिहा.