नोकरी तीच, वय वेगळे

बोरी अरबसारख्या गावात एकदा लागलेली नोकरी सहसा कुणी सोडत नाही. बदलते ते वय. चाळिशीनंतर जवळचे अंधुक दिसते, पुढे कंबर कुरकुरते आणि सरकारी कारकून ५८व्या वर्षीच्या निवृत्तीचे दिवस मोजू लागतो.

यावर उपाय आहे. एमी रेझ्नेव्स्की व जेन डटन या अमेरिकी संशोधिकांनी २००१ साली रुग्णालयातील सफाई कामगारांचे उदाहरण मांडले. काहीजण रुग्णांची विचारपूस करीत. त्यांना तेच काम मोलाचे वाटे.

तरुणांनी नवे काम मागून घ्यावे. ज्येष्ठांनी नवख्यांना शिकवावे, बारीक अक्षरांचे काम सकाळीच उरकावे, तासाभराने उठून चालावे. तरीही थकवा राहिल्यास डॉक्टरांना अवश्य दाखवावे.