मोनोवाय गांवचा खानेसुमारीचा आंकडा

ओसाड पडलेल्या गांवाची जुन्या कागदांत दाखविलेली वस्ती कितपत खरी धरावी, हा प्रश्न दप्तरें चाळणाऱ्यांस नवा नाहीं. त्याचें एक विलक्षण उदाहरण अमेरिकेंतील नेब्रास्का राज्यांत आहे. तेथें नायोब्रारा व मिसूरी या नद्यांमधील गवताळ प्रदेशांत मोनोवाय नांवाचें गांव आहे. तें पाहण्याचा योग आम्हांस २०२२ सालीं आला.

रेल्वेचा फांटा आल्यावर १९०२ सालीं हें गांव वसलें, आणि १९३० नंतरच्या दशकांत तेथील वस्ती १५० पर्यंत गेली. पुढें तरुण मंडळी शहरांकडे गेली. टपालकचेरी उठली, १९७४ सालीं शाळा मिटली. उरलेलीं घरें लांकडी. रंग उडालेला, छपरें खचलेलीं. आपल्याकडील गढीप्रमाणें दगडी जोतें मागें राहील असें दिसत नाहीं.

आम्ही गेलों तेव्हां गांवांत एकच रहिवासी होती, एक वृद्ध बाई. तीच नगराध्यक्ष, तीच चिटणीस, तीच खजिनदार. मद्यगृहाचा परवाना मागणारी ती आणि देणारीहि तीच. तिच्या दिवंगत पतीच्या सुमारें ५,००० पुस्तकांचें ग्रंथालय एका लहानशा खोपटांत आहे. तेथून आमचा पाय लवकर निघाला नाहीं, हें सांगणें नकोच.

आतां मूळ मुद्दा. २०१० च्या खानेसुमारींत मोनोवायची लोकसंख्या १ आहे. २०२० च्या खानेसुमारींत ती २ छापली आहे. दुसरें माणूस तेथें नव्हतें. बखरींतील सैन्यसंख्या लेखकाच्या अभिमानानें फुगते, नकलनवीस निष्काळजीपणानें चुकतो. येथें मात्र चूक हेतुपूर्वक घातलेली आहे. व्यक्तीची माहिती गुप्त राखण्याचें बंधन कायद्यानें त्या खात्यावर आहे. म्हणून २०२० सालीं लहान गांवांचे आंकडे गणिती रीतीनें किंचित् कमीअधिक करून प्रसिद्ध केले. राज्यांच्या एकंदर बेरजा तशाच ठेवल्या. म्हणजे तोच कागद राज्यापुरता विश्वसनीय आणि गांवापुरता संशयास्पद! अस्सल सरकारी कागदासहि तो कोणत्या हेतूनें लिहिला हें विचारावें लागतें, तें असें.

खानेसुमारीचे मूळ तक्ते त्या देशांत ७२ वर्षांनीं खुले होतात. १९५० चे तक्ते २०२२ च्या एप्रिलांत खुले झाले. त्या हिशेबानें २०२० चे तक्ते २०९२ सालीं पाहावयास मिळतील. तोंवर या गांवाविषयीं लिहिणारानें छापील २ च्या शेजारीं टीप अवश्य द्यावी.